घरी घडविलेले विमान आणि चक्री इंजिन

मनुष्याचे पहिले विमान मोठ्या कारखान्यात नव्हे, सायकलींच्या दुकानात सिद्ध झाले. अमेरिकेतील डेटन शहरी राइट बंधूंच्या दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर यांनी सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन घडविले, आणि १९०३ च्या डिसेंबरात त्याच्याच बळावर ते विमान उडाले. स्वतःचे विमान स्वतः बांधण्याची ही परंपरा त्या देशात पुढेही चालू राहिली. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींची संस्था स्थापन केली. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने केले असल्यास तेथील सरकार त्यास ‘प्रायोगिक’ वर्गात उड्डाणाची परवानगी देते.

अशा विमानांत मोटारीचे इंजिन बसविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत चक्री इंजिनाचा प्रयत्न विशेष बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांचे, सिलिंडरांसह गरगर फिरणारे इंजिन ते हे नव्हे. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून जन्मलेले हे इंजिन १९५७ साली जर्मनीतील एनएसयू कंपनीत प्रथम चालले. १९६७ साली जपानच्या माझदा कंपनीने ते मोटारीत घालून विक्रीस आणले. यात खालीवर होणारा दट्ट्या नाही, झडपाही नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कोठीत फिरतो आणि त्याच्या एका फेऱ्यात मुख्य दांडा तीन फेरे घेतो. लहान आकार आणि मोजके हलते भाग, हे याचे गुण होत. परंतु पूर्ण शक्तीसाठी दांडा मिनिटास सुमारे ६,००० फेरे घेतो, आणि विमानाच्या पंख्यास तो वेग मानवत नाही. म्हणून मध्ये वेग उतरविणारी दंतचक्रांची पेटी बसवावी लागते.

खरी कसोटी मात्र विजेची आहे. विमानांच्या जुन्या धाटणीच्या इंजिनात मॅग्नेटो नावाचे यंत्र इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगी उत्पन्न करते, त्यामुळे बॅटरी संपली तरी इंजिन चालू राहते. मोटारीतून आलेल्या चक्री इंजिनात ठिणगी, इंधनाची फवारणी आणि इंधनाचा पंप ही तिन्ही कार्ये विजेवर अवलंबून असतात. वीज खंडित झाली की धडधाकट इंजिनही मुके होते. प्रत्येक कोठीस दोन स्पार्क प्लग असतात हे खरे, पण दोहोंना एकाच तारेने वीज मिळत असेल तर ते दुहेरीपण नावापुरतेच! रस्त्यावरील मोटार कडेला घेता येते. आकाशास कडा नसते. म्हणून जाणते बांधणारे इंजिनाची शक्ती वाढविताना विजेची व्यवस्थाही सुधारतात. दोन बॅटऱ्या, वीज नेणारे दोन स्वतंत्र मार्ग, दोन पंप, आणि वीजजनित्र बंद पडताच सूचना देणारा दिवा, हे सारे वजन ते आनंदाने पत्करतात. इंजिनात असा मोठा बदल केल्यावर प्रवासी न घेता, वस्तीपासून दूर विमानाची पुन्हा चाचणी घ्यावी लागते.

माझे आयुष्य विद्यार्थ्यांत गेले. शक्ती किती वाढली, हे मुले उत्साहाने विचारतात; ती कशाच्या आधारावर उभी आहे, हे क्वचितच विचारतात. आपल्या ज्ञातीतील जी मुले-मुली यंत्रविद्येकडे वळत आहेत, त्यांनी हा दुसरा प्रश्न प्रथम विचारण्याची सवय लावून घ्यावी, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंती आहे.