थोरलीच्या कडेवर: आई रानात गेली की पोर कुणाकडे?



शिराळ्यात इतिहासावर बोलायला कुणी उभं राहिलं, की नागपंचमी, समर्थांचा मारुती आणि 1930 चा बिळाशीचा जंगल सत्याग्रह, यांतलं काहीतरी ऐकायला मिळणार असं लोक धरूनच चालतात. आज त्यातलं काही नाही. आज आपण एका साध्या प्रश्नाचा माग काढणार आहोत. आई भांगलायला नाहीतर ऊस तोडायला गेली, तर मागे तिचं लहान पोर कुणाकडे असायचं? आणि शाळेतलं पोर शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत कुठं असायचं?

याचं उत्तर कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडत नाही. शेतसारा किती, गुरं किती, नांगर किती याची मोजदाद आहे. पोरं कुणी सांभाळली याची नाही. कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं: म्हातारी सांभाळते, आणि म्हातारी नसली तर थोरली पोरगी. ते इतकं सवयीचं होतं की ते एक काम आहे असं कुणाला वाटलंच नाही. शाळेच्या हजेरीपटावर मुलीचं नाव असायचं, बाकावर मुलगी नसायची. ती घरी धाकट्याला कडेवर घेऊन उभी असायची.

प्रदेशाबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढं गोंधळ होईल. इंग्रजी अमदानीत शिराळा हा वाळवा तालुक्याचा पेठा होता आणि जिल्हा सातारा. 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याला 1960 मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळालं. म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेची गोष्ट सांगायची तर ती साताऱ्यातूनच सुरू करावी लागते.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, जन्म 1887 मध्ये कुंभोजचा. शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढलं. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून 'शुद्ध' व्हायला नकार दिला. बोर्डिंग सुटलं. पुढे त्यांनी स्वतः जी बोर्डिंगं काढली त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला का बसली, याचं मूळ त्या न केलेल्या अंघोळीत आहे. 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये ती साताऱ्यात आली, आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते तिथल्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

हे आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. पण बोर्डिंग म्हणजे शाळा नव्हे, हे नीट बघायला पाहिजे. बोर्डिंग म्हणजे शाळा सुटल्यानंतरचे तास. पोराला जेवू कोण घालणार, ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवणार, संध्याकाळी अभ्यासाला कोण बसवणार, हा सगळा भार बोर्डिंगनं उचलला. लोक मूठ-मूठ धान्य देत, मुलं अंगमेहनत करून आपला खर्च भागवत. आणि चुलीशी होत्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. सगळ्या जातींच्या मुलांचं त्यांनी केलं, पैसे संपले तेव्हा अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. 1930 मध्ये त्या गेल्या. रयतेच्या इतिहासात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, पण आम्हाला नेहमी वाटत आलंय की ते 'त्याग' या सदराखाली घेतलं जातं, 'काम' या सदराखाली नाही. पहाटे उठून पोरांची भाकरी थापणं हे संस्थेचं मुख्य काम होतं, जोडकाम नव्हतं.

शिवाय हे बोर्डिंग मुख्यतः मुलग्यांसाठी होतं. मुलींची सोय नंतर झाली आणि पुष्कळ कमी झाली. मुलगा बोर्डिंगात गेला, शिकला, मास्तर झाला, पुढारी झाला. त्याच घरात त्याची बहीण धाकट्याला सांभाळत राहिली. आपल्या भागानं शिक्षणात मारलेल्या मजलेचा अर्धा खर्च तिनं भरला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता जरा लांब, डहाणूकडे जाऊया. कारण या थोरल्या बहिणीकडे बघून शाळेची मांडणी बदलणारं जे पहिलं मोठं काम आपल्याला ठाऊक आहे, ते तिथलं आहे.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पद्धत माँटेसोरीबाईंची. गंमत बघा, माँटेसोरीबाईंचं पहिलं बालगृह 1907 मध्ये रोममधल्या कामगारवस्तीत निघालं, ते शिक्षणाच्या ओढीनं नव्हे. आईबाप कामावर गेले की पोरं जिन्यात धिंगाणा घालतात, भिंती खराब करतात, म्हणून इमारतीच्या मालकांना कुणीतरी पोरं सांभाळायला हवं होतं! जगभर गाजलेली शिक्षणपद्धती अशी पोरं राखायच्या गरजेतून आली. आपल्याकडे आली ती मात्र शहरातल्या सुखवस्तू घरांत, महागड्या लाकडी साधनांसकट.

ताराबाईंना ते खटकत होतं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांच्या आत वैधव्य, मग स्वतःच्या हिमतीवर शिक्षण, अशी ही बाई. दोघींनी बालवाडी उघडली आणि मुलं येईनात. मग त्यांनीच बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली, मुलांना आधी अंघोळी घातल्या, नखं कापली. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर वापरला जाणारा हा शब्द आपल्याच भाषेतल्या एका अंगणातून गेलाय. लाकडी साधनांच्या जागी बिया, खडे, शंख-शिंपले, बांबू आले.

1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेल्या. तिथं खरी अडचण कळली. शाळेच्या वयाची मुलं गुरांमागे, मुली धाकट्यांमागे. नुसती शाळा काढून उपयोग नव्हता. म्हणून विकासवाडी या नावाखाली पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. थोरलीनं येताना धाकटं घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि आपल्या वर्गात बसावं. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली: गुरं चरतायत तिथं शिक्षकानंच जायचं. सरकारी अहवालांत 'गळती' हा शब्द असतो, जणू पोरं भांड्याला भोक पडल्यासारखी गळतात. ताराबाई-अनुताईंनी विचारलं की पोर गळून जातंय कुठं, कुणाच्या कामाला, आणि ते काम दुसरं कोण करील?

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. अंगणवाडी हे नाव घेतलं, आहार आणि लसीकरण घेतलं, आणि ते फार मोठं काम झालं, यात वाद नाही. पण अंगणवाडी चालते दिवसाचे काही तास, आणि आईचा रानातला दिवस असतो उन्हं कलेपर्यंत. एकाच छपराखाली पाळणाघर आणि शाळा, ही कोसबाडची गोष्ट मागं राहिली.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. वि. स. पागे हे नाव तासगाव तालुक्यातल्या विसापूरशी जोडलेलं. रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची, आणि तिचा पहिला प्रयोगही तासगावच्याच मातीत. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं कामावर आली आणि 1977 मध्ये कायदा झाला. आपल्या शिराळ्याच्या पश्चिमेला पाऊस धो धो, त्यामुळे दुष्काळाचा खरा चटका तासगाव, आटपाडी, जतला. पण खडी फोडायला, मुरूम वाहायला बाया किती आल्या, हे त्या काळची माणसं अजून सांगतात. बाया आल्या म्हणजे पोरं आली. बाभळीला झोळी बांधायची, झोळीची दोरी हलवायला थोरली बसवायची. योजनेत कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि पाळणाघर यांची तरतूद होती. पुढे 2005 च्या राष्ट्रीय कायद्यातही ती आली: सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला एका बाईला नेमायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. हे कलम आम्हाला फार मोलाचं वाटतं. पोरं सांभाळणं ही मजुरी आहे, खडी फोडण्याइतकीच, हे कायद्यानं लिहून ठेवलं. पाण्याचा माठ बऱ्याच कामांवर असायचा, पण पाळणाघर बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. मागणारं कुणी नव्हतं, कारण मागायला पाहिजे त्या पोरीचं वय आठ-नऊ.

कारखान्यांचा कायदा 1948 चा. 50 पेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, पुढे 1976 मध्ये तो आकडा 30 वर आला. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या आपल्या माणसांना हा कायदा ठाऊक होता. पण साखर कारखान्याला लागणारा ऊस जिथं तुटतो तो फड काही कारखान्याच्या आवारात नसतो. तोडणीची बाई मुकादमाची, मुकादम वाहतूक ठेकेदाराचा. उचल घेतलेली ती कारखान्याची कामगार धरलीच जात नाही. चिखलीच्या विश्वास कारखान्यापासून वारणा-कृष्णाकाठच्या प्रत्येक कारखान्यापर्यंत, दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कोपीत उरतं कोण? तीच थोरली.

2000 नंतर औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेनं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. हंगामापुरती शाळा, गावातल्या शाळेशी जोडलेली, म्हणजे पोर परत गेलं तर वर्ष बुडू नये. काम चांगलं होतं. पण तिथंही मुलगी यायची ती धाकट्याला घेऊन, आणि ते रडलं की उठून जायची. नंतर सरकारनं विचार फिरवला: मुलांना आणूच नका, गावाकडेच हंगामी वसतिगृहात ठेवा. अलीकडे ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं निघाली आहेत. भाऊरावांचं बोर्डिंगच पुन्हा आलं म्हणायचं, आणि यावेळी मुलींसाठीही, हे चांगलंच. पण तान्हं पोर वसतिगृहात राहत नाही. ते आईबरोबर येणार, आणि त्याला बघायला कुणीतरी लागणार. त्यामुळे बहीण वसतिगृहात जाते का फडात, हे ठरवतं घरातलं तान्हं.

आणि हे फक्त बीडच्या लोकांचं आहे असं समजून आपण सुटका करून घेऊ नये. सहा वर्षांपर्यंत मूल अंगणवाडीचं, सहा ते चौदा शिक्षण हक्क कायद्याचं. शाळा पाचला सुटते. पाच ते आठ हे तीन तास कुठल्याच कायद्यात बसत नाहीत. पुण्यात पालकनीती परिवारानं 1996 मध्ये लक्ष्मीनगरच्या वस्तीत खेळघर सुरू केलं, शाळेनंतर मुलांनी यावं, खेळावं, बोलावं, वाचावं म्हणून. 1941 नंतर राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आपल्या सातारा जिल्ह्यात संध्याकाळी मैदानावर भरायच्या. त्यांतली पोरं पुढे प्रतिसरकारच्या कामात गेली हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याआधी ती संध्याकाळची खेळायला आली होती, हे विसरतो. गावाला ती संध्याकाळ सांभाळता येते, आपण ती सांभाळलेली आहे.

मग आज सांभाळणारी कोण? अंगणवाडी सेविका. तिला पगार नाही, मानधन आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांना मानधन, निवृत्तिवेतन आणि उपदानासाठी बेमुदत संपावर जावं लागलं. आता 'पाळणा' योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरतंय. कोसबाडला 1957 नंतर जे एका छपराखाली होतं, तिकडे आपण हळूहळू परत येतोय. आमची काळजी एवढीच की जादा तासांचं काम पुन्हा 'बाईमाणसाचा जिव्हाळा' या सदरात जाऊ नये. लक्ष्मीबाईंचं तेच झालं होतं.

शेवटी एक विनंती, आणि ती इथल्या शिक्षक मंडळींना. तुमच्या जुन्या जिल्हा परिषद शाळांच्या कपाटात जनरल रजिस्टर आहे. त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण असे रकाने असतात. मुलींच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी 'सतत गैरहजर' एवढंच लिहिलेलं सापडेल. त्या नावांतल्या काही बाया आज सत्तर-ऐंशीच्या आहेत, गावातच आहेत, काही आज या सभागृहात बसल्यात. रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचारा, त्या वर्षी घरात तान्हं कोण होतं. त्याचं नाव त्या लगेच सांगतील.

प्रश्न असतील तर घेऊया.