तट्टाच्या मापाची गाडी : टांगा, कायदा आणि ओझ्याचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काहींना हसू आलं असेल. जेसल पार्कात राहायचं, स्टेशनवरून येताना रिक्षांच्या गर्दीतून वाट काढायची, आणि संध्याकाळी बसून ऐकायचं काय, तर छोट्या तट्टाला कोणती गाडी जोडावी! पण विषय वाटतो तितका परका नाही. आपल्याच मीरा-भाईंदरच्या हद्दीत घोडबंदर आहे. पोर्तुगीज काळात तिथं घोड्यांचा व्यापार चाले आणि त्यावरूनच नाव पडलं, असं सांगितलं जातं. किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. घोडा आपल्या नावागावांत आहे, म्हणींत आहे; रस्त्यावरून तेवढा गेला.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे घोड्याकडेही आम्ही प्रश्न घेऊनच जाणार. प्रश्न साधा आहे : ओझं म्हणजे काय? बहुतेकांचं उत्तर असतं, किती किलो ते. कायद्याचंही उत्तर तेच आहे. हे उत्तर अर्धंच आहे, असं आज आम्हाला मांडायचं आहे. उरलेलं अर्धं उत्तर गाडी आणि जनावर यांच्या जुळणीत आहे, आणि टांग्याचा इतिहास बघितल्याशिवाय ते नीट दिसत नाही.

आधी कायदा पाहू. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. त्यात कोष्टकच आहे. दोनचाकी गाडीला घोडा किंवा खेचर असेल, तर हवेचे टायर असताना ७५० किलो, नसताना ५०० किलो. तट्टू असेल तर हेच आकडे ६०० आणि ४०० किलो. चढाचा रस्ता असेल तर वजन निम्मं. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. काटेरी लगाम वापरायचा नाही. नियम चांगले आहेत, दयाबुद्धीने केलेले आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण कोष्टक जरा निरखून बघा. बैलांचे तीन वर्ग केलेत : लहान, मध्यम आणि मोठा. २०० किलोपर्यंतचा लहान, ३५० किलोच्या वरचा मोठा. तट्टाला मात्र एकच ओळ. आता तट्टू म्हणजे केवढं? इंग्रजी पद्धतीत घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. साधारण साडेचौदा हँडपर्यंतचं जनावर पोनी, म्हणजे तट्टू. साडेचौदा हँडचं तट्टू जवळपास घोड्याएवढंच असतं. आणि दहा-अकरा हँडचं? काटा नसला तरी त्याचं वजन टेपनं काढता येतं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,९०० ने भागायचं. घेर १३० आणि लांबी १२० असेल तर उत्तर येतं साधारण १७० किलो. अशा तट्टाला कायदा ६०० किलो ओढू देतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साडेतीन पट! घोडं पेंड खातंय ते इथं.

वजनाचा आकडा ठरवून जनावराचं रक्षण करायचं, ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सन ४३८ मध्ये रोमन साम्राज्यात थिओडोसियस बादशहाची कायदेसंहिता आली. तीत सरकारी टपाल-वाहतुकीच्या गाड्यांना वजनाची मर्यादा होती. हलक्या दोनचाकीला २०० रोमन पौंड, सर्वांत जड गाडीला १,५०० पौंड. हे १,५०० पौंड म्हणजे आजचे जेमतेम ४९० किलो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लफेव्र दे नोएत नावाच्या एका फ्रेंच घोडदळ-अधिकाऱ्याला प्रश्न पडला की मर्यादा इतकी कमी का? त्याने जुनी चित्रं, शिल्पं अभ्यासली आणि १९१० मध्ये जुन्या पद्धतीचा साज करून प्रत्यक्ष घोड्यांवर घातला. त्याचा निष्कर्ष असा की प्राचीन साजाचा पट्टा घोड्याच्या गळ्यावर येई. घोडा जोर लावायला गेला की श्वासनळी दाबली जाई. म्हणजे ताकद होती, पण साज ती वापरू देत नव्हता. यावरून त्याने आणखी मोठी उडी मारली. जनावराची ताकद वापरता येत नव्हती म्हणून प्राचीन जगाला गुलाम लागले, असं तो म्हणाला. पुढे १९७० च्या दशकात झां स्प्रुइत या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने प्राचीन साज पुन्हा, जास्त काळजीपूर्वक, बनवून पाहिले. आधीच्या प्रयोगात दोन वेगळ्या साजांचे भाग एकत्र झाले होते आणि नीट बसवलेल्या प्राचीन साजात घोडा गुदमरत नाही, असं त्याने दाखवलं. गुलामगिरीचा सिद्धांत त्यामुळे लंगडा पडला.

या वादातून आम्ही एवढंच घेतो : दोघांच्याही प्रयोगात घोडे होते आणि गाड्या होत्या, फरक पडला तो पट्टा कुठं बसला याने. चार बोटं वर बसला तर गळा, चार बोटं खाली बसला तर छाती.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. एक किंवा दोन घोडे माणसांनी भरलेला अख्खा डबा ओढत, कारण चाक रुळावरून चालत होतं. तेवढीच माणसं खडीच्या रस्त्यावरच्या गाडीत बसवली असती तर त्या घोड्यांना कितीतरी जास्त जोर लावावा लागला असता. वजन तेच, ओझं वेगळं. १९०५ मध्ये ही ट्राम बंद झाली आणि १९०७ मध्ये विजेची आली. व्हिक्टोरिया आणि टांगे मात्र त्यानंतरही कित्येक दशकं चालत राहिले.

व्हिक्टोरिया चारचाकी. तिचं वजन चारही चाकांवर असतं, घोड्याच्या पाठीवर जवळजवळ काही येत नाही, पण गाडी मुळात जड. टांगा दोनचाकी आणि हलका, पण त्याला तोल लागतो. टांग्यात माणसं पाठीला पाठ लावून का बसतात? दोन पुढं तोंड करून, दोन मागं तोंड करून. ती काही गंमत नव्हती. चाकांचा आस मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना वजन वाटायची ती युक्ती होती. आपल्यातल्या वयस्कांना टांगेवाल्याची हाक आठवत असेल : "साहेब, तुम्ही जरा पुढं या. बाई, तुम्ही मागं बसा." मागं वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, म्हणजे दांडे वर उचलले जातात आणि पोटाखालचा पट्टा जनावराला वर ओढतो. पुढं वजन जास्त झालं की दांडे खाली दाबतात आणि सगळा भार पाठीवर येतो. 'उलाळ' हा शब्द आपल्या भाषेत आहे, याचाच अर्थ हा तोल बघणारी नजर आपल्या लोकांत होती. कायद्याच्या कोष्टकात या शब्दाला जागा मिळाली नाही.

मग तट्टाच्या मापाची गाडी कशी ओळखायची? आम्ही पाच गोष्टी सांगतो.

पहिली, दांड्यांची पातळी. तट्टू जुंपून, माणसं बसवून गाडी सपाट जागी उभी करायची आणि बाजूने बघायचं. दांडे सरळ किंवा पुढं किंचित चढते हवेत. मोठ्या घोड्याची गाडी लहान तट्टाला लावली की दांडे पुढं उतरतात, बैठकसुद्धा पुढं कलते, आणि बसणारा माणूस नकळत तट्टाच्या पाठीवर रेलतो.

दुसरी, तोल. माणसं बसलेली असताना दांड्याचं टोक हाताने उचलून बघायचं. ते सहज, जवळजवळ दोन बोटांवर उचललं गेलं पाहिजे. थोडा भार पाठीवर हवा, नाहीतर गाडी उलाळ होते. पण तो थोडाच हवा.

तिसरी, दांड्यांची लांबी आणि रुंदी. टोक खांद्याच्या टोकापर्यंत यावं, त्यापुढं गेलं तर वळताना मानेला टोचतं. दोन दांड्यांमध्ये पुठ्ठ्यांना दोन्हीकडे थोडी मोकळी जागा हवी. आणि दुडक्या चालीत मागचे पाय गाडीला लागता कामा नयेत. एकदा खूर लाकडावर आपटला की तट्टू बिचकतं आणि पुढं गाडीलाच भिऊ लागतं.

चौथी, ओढीची रेषा. छातीच्या पट्ट्यापासून गाडीपर्यंतचे ओढपट्टे मागं जाताना किंचित उतरते हवेत. गाडी उंच असली की ते वर चढतात, छातीचा पट्टा वर सरकतो आणि गळ्याशी येतो. म्हणजे साज आधुनिक असूनही आपण तट्टाला लफेव्र दे नोएतच्या प्रयोगात नेऊन उभं करतो! शिवाय चालताना तट्टाचे खांदे आलटून पालटून पुढं येतात. म्हणून ओढपट्टे हलत्या आडव्या दांडीला बांधलेले बरे. पक्क्या दांडीला बांधले तर पट्टा प्रत्येक पावलाला छाती घासतो.

पाचवी गोष्ट वजन, आणि आम्ही ती मुद्दाम शेवटी ठेवली. लहान तट्टासाठी सावध ठोकताळा असा की सपाट, टणक रस्त्यावर गाडी आणि माणसं मिळून भार तट्टाच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास ठेवावा. आपल्या १७० किलोच्या तट्टाला ७० किलोची गाडी लावली तर उरले १००. म्हणजे एक मोठा माणूस आणि एक लहान मूल. चार माणसं नव्हेत.

कुणी म्हणेल, आपले पूर्वज तर लहान घोड्यांवरच जगले. खरं आहे. भीमा खोऱ्यातलं भीमथडी तट्टू अंगानं लहान, पण काटक. मराठ्यांच्या घोडदळाची चपळाई त्याच्या जोरावर होती. धनगरांचे तळ आजही त्याच्या पाठीवर हलतात. अलीकडे स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली. पण धनगर आपल्या तट्टाच्या पाठीवर किती लादायचं ते त्या तट्टाकडे बघून ठरवतो. भाड्याच्या गाडीत उलटं होतं. लाकडाची गाडी दुरुस्त करत वर्षानुवर्षं चालते, जनावर आधी थकतं. मग त्याच गाडीला दुसरं जनावर येतं, पैसे कमी असले तर लहान येतं. गाडी तीच राहते. गाडी जनावराच्या मापाची करायच्या ऐवजी जनावरच गाडीच्या मापात बसवलं जातं. यात टांगेवाल्याचा दुष्टपणा असेलच असं नाही, त्याची गरिबी मात्र बहुतेक वेळा असते.

इथं आम्हाला ॲरिस्टॉटल आठवतो. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने मध्यम मार्ग दोन प्रकारचा सांगितला : वस्तूचा मध्य आणि आपल्या संदर्भातला मध्य. दहा जास्त, दोन कमी, म्हणून सहा मध्य; हे झालं गणित. पण अन्नाचं तसं नाही. मिलो नावाच्या पैलवानाला जे कमी पडेल, ते नुकतीच कसरत सुरू केलेल्या पोराला जास्त होईल. तट्टासाठीचे ४०० आणि ६०० हे आकडे पहिल्या प्रकारचा मध्य आहेत. गंमत म्हणजे त्याच नियमांत खोगिराबद्दल एक वाक्य आहे : खांद्यावरच्या उंचवट्यावर ते टेकता कामा नये, मध्ये पुरेशी पोकळी हवी. म्हणजे जुळणी हा कायद्याचा विषय होऊ शकतो, हे त्या नियमांनाही ठाऊक होतं. गाडीपर्यंत मात्र तो विचार पोहोचला नाही.

पुढचं आपल्या डोळ्यांसमोर घडलं. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. तबेल्यांना परवाने नव्हते, जनावरांचे हाल होत होते, आणि निव्वळ मौजेसाठी हे टाळता येण्यासारखं होतं. पुढे २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. त्या निर्णयाशी आम्ही भांडत नाही. आमची खंत वेगळी आहे. शतकभर या शहरात वजन मोजलं गेलं, माणसं मोजली गेली, बिल्ले तपासले गेले. दांडा कुठं टेकतोय आणि पट्टा कुठं चढतोय हे बघायचं काम टांगेवाल्याच्या नजरेवर सोडलं, आणि त्या नजरेला ना मान दिला ना शिक्षण. शेवटी गाडीही गेली आणि नजरही.

पण तट्टं गेलेली नाहीत. वरातीच्या बग्गीला ती आहेत, जत्रेत आहेत, आणि अलीकडे फार्महाऊसवर मुलांच्या हौसेसाठी छोटं तट्टू घेणारेही आहेत. त्यांची पहिली चौकशी असते : गाडी केवढ्याला मिळेल? आमचं सांगणं इतकंच की गाडी बघायला जाताना तट्टाची मापं कागदावर लिहून न्या : उंची, छातीचा घेर, लांबी, पुठ्ठ्यांची रुंदी. जुनी गाडी स्वस्त मिळत असेल तर आधी ती जुंपून, माणसं बसवून, बाजूने बघा. पाच मिनिटं चालवा. मग पट्टे सोडून छातीवर, पाठीवर, पोटाखाली हात फिरवा. केस उलटे झालेत का, कातडी गरम लागते का, हात लावताच तट्टू अंग चोरतं का? तसं असेल तर गाडी परत करा, कितीही देखणी असली तरी.

आता आपले प्रश्न घेऊ.