फुसका बार

महाविद्यालयांत शिकत असतां राष्ट्रीय छात्रसेनेच्या एका शिबिरांत आम्हीं आयुष्यांत पहिल्यानें बंदूक हातीं धरली. नेम धरून चाप ओढला. ‘खट्’ असा आवाज झाला, आणि पुढें कांहींच झालें नाहीं. काय बिघडलें म्हणून आम्ही बंदूक वळवून पाहणार, तोंच हवालदार मागून गरजले, “हलूं नका! नळी समोरच राहूं द्या!” कधीं कधीं दारू उशिरां पेट घेते, म्हणून थांबावयाचें असतें, हें मागाहून कळलें. अर्धें मिनिट आम्ही श्वास रोधून तसेच पडून राहिलों. मग त्यांनीं तें काडतूस काढून आमच्या तळहातावर ठेवलें. पेटींतील इतर काडतुसांसारखेंच तें चकचकीत होतें; त्यांत काय न्यून होतें हें बाहेरून पाहून ब्रह्मदेवासहि सांगतां आलें नसतें.

आमच्यापुढें कागदाचें लक्ष्य होतें, म्हणून त्या फुसक्या बाराचें केवळ हसें झालें. परंतु जो मनुष्य आत्मरक्षणासाठीं कमरेस पिस्तुल बाळगतो, त्याच्यावर हाच प्रसंग आला तर? शस्त्रांच्या इतिहासकारांनीं नळ्या, घोडे आणि चाप यांच्या वर्णनांनीं पानेंच्या पानें भरलीं आहेत. काडतुसाच्या वांट्यास त्या मानानें थोड्या ओळी आल्या. वास्तविक तलवारीची धार बोटानें पाहतां येते, धनुष्याची दोरी ताणून पाहतां येते. पण आगकाडीप्रमाणें काडतुसाची परीक्षा म्हणजेच त्याचा नाश. जें पारखलें तें संपलें, आणि जें जवळ उरलें तें न पारखलेलें. या कोड्यांतून माणसानें वेळोवेळीं कसा मार्ग काढला, हें पाहण्यासारखें आहे.

चकमकीच्या बंदुकीच्या काळीं शंकेचें कारण उघड दिसे. नळीच्या बुडाशीं असलेल्या छिद्राबाहेर एका लहानशा पाळ्यांत थोडी दारू ठेवीत. तिला आपल्याकडे रंजक म्हणत. चकमकीची ठिणगी रंजकेवर पडावी, तिची ज्वाला छिद्रांतून आंत शिरावी, आणि मग बार उडावा, असा हा लांबचा प्रवास. पावसाची एक सर आली कीं सर्व खुंटलें. बाहेर भपकन् जाळ आणि आंत शांतता, हा तर नित्याचाच अनुभव. स्कॉटलंडांतील बेलहेल्व्ही गांवचा धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्सिथ हा पक्ष्यांच्या शिकारीचा मोठा शोकी. रंजकेचा जाळ पाहतांच पक्षी गोळी पोहोंचण्यापूर्वीं उडून जात. वैतागून त्यानें आघातानें पेटणारें रसायन बंदुकीस लावलें आणि १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पाद्रीबोवांच्या या छंदांतूनच पुढें बंदुकीची तांब्याची टोपी निघाली, आणि ठिणगीचें काम घोड्याच्या एका ठोक्यावर आलें.

तरी आंतील दारूचा प्रश्न राहिलाच. काळी दारू ओल धरते, आणि भरून ठेवलेला बार जितका जुना तितका अविश्वसनीय. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील प्रसिद्ध पिस्तुलबाज वाइल्ड बिल हिकॉक कोल्टचीं दोन टोपीचीं रिव्हॉल्व्हरें बाळगी. सकाळीं उठल्यावर तो कालचे सारे बार उडवून टाकी आणि ताजी दारू, गोळी व टोपी स्वहस्तें भरी, अशी आख्यायिका आहे. ती आम्हांस खरी वाटते. ज्याचा जीव हत्यारावर अवलंबून, त्यास याहून सोपा उपाय त्या काळीं नव्हता. २ ऑगस्ट १८७६ रोजीं डेडवूड गांवीं पत्ते खेळत असतां एकानें मागून येऊन त्याच्या डोक्यांत गोळी घातली. मारेकऱ्यानें लगोलग इतरांवरहि चाप ओढला, पण एकहि बार उडाला नाहीं, असें सांगतात. हें खरें असेल तर त्याच्या रिव्हॉल्व्हरांत एकच काडतूस धड होतें, आणि तें हिकॉकच्या वांट्यास आलें!

तोंवर काडतुसाचें रूप पालटलें होतें. १८५७ सालीं अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं धातूच्या काडतुसाचें रिव्हॉल्व्हर विक्रीस काढलें. पेटविणारें रसायन, दारू आणि गोळी हीं एकाच नळकांड्यांत बंद झालीं, आणि ओल बाहेर राहिली. त्याच वर्षीं आपल्याकडे एन्फील्ड रायफलीच्या कागदी काडतुसावरून काय वणवा पेटला तें सर्वश्रुत आहे. त्या उठावाचीं कारणें अनेक व खोल आहेत. परंतु त्यांतील चरबीच्या प्रकरणांत आमच्या विषयापुरती एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गोळी नळींत सुलभ उतरावी म्हणून काडतुसास वंगण लावीत. तें कोणत्या प्राण्याचें, हें बनविणारास ठाऊक. दांतानें तोडणारास नाहीं. कलकत्त्याजवळ दमदम येथें जी कुणकुण उठली, ती सरकारच्या खुलाशांनीं शमली नाहीं, कारण शिपायानें स्वतः पाहून खात्री करावी असें त्यांत कांहीं नव्हतें. धर्माचा प्रश्न वगळला तर धातूच्या काडतुसानें हीच स्थिति सर्व जगाची केली. हिकॉक आपली दारू डोळ्यांनीं पाहून भरी. त्याच्यामागून आलेला मनुष्य कारखानदाराची मोहोर पाहून भरूं लागला.

बार उडेल याची बरीच खात्री झाली, तेव्हां दुसरी शंका पुढें आली. उडालेली गोळी आपलें काम करते काय? फिलिपाइन्स बेटांत अमेरिकन सैन्याजवळ ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरें होतीं. चाल करून येणारे मोरो योद्धे त्यांच्या गोळ्या लागूनहि थांबत नसत, अशी तक्रार झाली. म्हणून १९०४ सालीं थॉम्पसन व ला गार्ड या दोघां अधिकाऱ्यांनीं शिकागोच्या कसाईखान्यांत जिवंत गुरांवर, आणि निराळे मृत मानवी देहांवरहि, गोळ्या झाडून पाहिल्या. त्या प्रयोगांचें वर्णन वाचवत नाहीं. ०.४५ इंचाहून लहान गोळी नको, असा त्यांनीं निष्कर्ष काढला आणि १९११ चें प्रसिद्ध कोल्ट पिस्तुल त्याच मापाचें झालें. दमदमचें नांव या वादांतहि येतेंच. तेथील कारखान्यांत मऊ टोंकाची, देहांत पसरणारी गोळी तयार झाली होती. हेग येथील १८९९ च्या जाहीरनाम्यानें अशा गोळ्यांस युद्धांत बंदी केली. गंमत अशी कीं देहांत पसरणारी पोकळ टोंकाची गोळीच आज अमेरिकेंतील पोलीस व नागरिक मुद्दाम निवडतात. ती शरीराच्या पार जाऊन पलीकडच्या निरपराध्यास लागण्याचा संभव कमी, हा त्यांचा युक्तिवाद. तो अगदींच टाकाऊ आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु पसरण्याच्या नादांत गोळी आंतपर्यंत पोहोंचलीच नाहीं तर? ११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी येथें संघीय तपास खात्याच्या अधिकाऱ्यांची दोन दरोडेखोरांशीं चकमक झाली. एकाच्या दंडांतून आरपार जाऊन छातींत शिरलेली गोळी ठरल्याप्रमाणें पसरली, आणि हृदयाच्या अलीकडे थोड्या अंतरावर थांबली. जखम अखेर प्राणघातक होती, पण त्यानंतर कांहीं मिनिटें तो लढत राहिला. दोन अधिकारी ठार झाले. खात्यानें दोष गोळीवर ठेवला. रायफलधारी इसमापुढें पिस्तुलें घेऊन जाण्याच्या योजनेचा दोष त्यांत सोयीस्करपणें झांकला गेला, असें आमचें मत आहे. तें कसेंहि असो, त्यांतून एक चांगली गोष्ट निघाली. गुरांच्या जागीं जिलेटिनचे ठोकळे आले. जाड कपड्यांतून गेल्यावरहि गोळी त्यांत निदान १२ इंच शिरावी, १८ इंचांपलीकडे जाऊं नये, असें प्रमाण ठरलें. खात्यानें आधीं मोठ्या गोळ्या घेऊन पाहिल्या, आणि २०१५ च्या सुमारास सुधारलेल्या ९ मिलिमीटरच्या गोळीकडे ते पुन्हां वळले.

निवड झाली तरी निगा उरतेच. पिस्तुलाच्या यंत्रास तेल हवें, पण तेंच तेल काडतुसाच्या बुडाशीं झिरपलें तर पेटविणारें रसायन निकामी होतें. रोज रात्रीं पिस्तुल रिकामें करून सकाळीं तेंच काडतूस पुन्हां नळींत चढवीत गेल्यास गोळी हळूहळू नळकांड्यांत आंत दबते, आणि बाराचा दाब भलताच वाढतो. म्हणून जाणते लोक तें काडतूस वरचेवर बदलतात. निवडलेल्या जातीचीं पुष्कळशीं काडतुसें ते आधीं आपल्याच पिस्तुलांतून उडवून पाहतात, आणि एकहि अडकलें नाहीं म्हणजे मग त्यांचीं उरलेलीं भावंडें जवळ बाळगतात. पुष्कळ पोलीसदळांत वर्षभर कमरेस वागविलेलीं काडतुसें सरावांत उडवून टाकून नवीं देतात. हिकॉक रोज सकाळीं जें करी म्हणतात, तें आतां वर्षांतून एकदां चांदमारीच्या मैदानावर होतें.