कमानींखालची वाट

पावसाळ्यात बोरीबंदरला उतरलो की वडील म्हणत, ‘छत्री मिट, आता कमानींखालून जायचं.’ फ्लोरा फाउंटनकडे जाताना गल्ल्या ओलांडण्यापुरतेच भिजायचे, बाकी वाट बरीचशी कोरडी. दुकानदारांनी गिऱ्हाइकांसाठी केलेली ही सोय असावी, असे मला तेव्हा वाटे. खरी गोष्ट वेगळी आहे.

मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली आणि जुना हॉर्नबी रोड रुंद करायला जागा मिळाली. पुढे १८९६ च्या सरकारी नियमाने इथे बांधणाऱ्यांना अट घातली. इमारत कोणत्याही शैलीत उभारा, पण तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी हवी! म्हणून वर कुठे गॉथिक टोके, कुठे घुमट, कुठे ग्रीक खांब दिसतात, खाली मात्र कमानींची एकच रांग. इमारत मालकाची, वाट सगळ्यांची.

या रस्त्याला आज आपण दादाभाई नौरोजी मार्ग म्हणतो. रस्त्याचे नाव बदलले, तशा दुकानांच्या पाट्याही बदलल्या. जिथे व्हाईटअवे लेडलॉ या कंपनीचे विलायती मालाचे भव्य दुकान होते, त्याच इमारतीत पुढे खादी भांडार आले. जवळच्या आनंद भवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय आले. गिरणगावातली मुले याच कमानींखालून वर्गात जाऊ लागली. दगड तेच राहिले, माणसे बदलली.

नंतर मात्र दगडच दिसेनासे झाले. पत्र्याच्या, प्लास्टिकच्या, दिव्यांच्या पाट्यांनी कमानी झाकल्या. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-जतनाचे नियम आले. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने इथल्या पाट्यांसाठी साधी शिस्त आखली गेली : पाटी कमानीच्या आत बसवा, नक्षीवर नको. अनेक दुकानदारांनी ती मानली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा-पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

एक दुकानदार मला म्हणाले होते, ‘साहेब, पाटी लहान केली की धंदा लहान होतो.’ त्यांची भीती खोटी नव्हती. भाडे, स्पर्धा त्यांनाच सोसायची होती. पण शेजाऱ्याचीही पाटी आत गेली, तेव्हा दोघांचीही नावे वाचता येऊ लागली.

२०२२ मध्ये मराठी पाट्यांचा नियम कडक झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षर ठळक हवेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कमानीच्या आत बसवले, तर अक्षरही शोभेल आणि दगडही.

आजही पावसात तिथे जातो, तेव्हा छत्री मिटतो आणि मान वर करून चालतो. तुम्हीही एकदा चालून पाहा.