उन्हाळ्याची कण्हेर
छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो आणि जायकवाडीहून येणारे पाणी जपून वापरावे लागते, तेव्हा अंगणातील बरीच झाडे माना टाकतात. कण्हेर मात्र याच दिवसांत गुलाबी, पांढऱ्या वा लाल फुलांनी बहरते. महामार्गांच्या दुभाजकांवर ती लावली जाते, ती यामुळेच. शिवाय गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत.

पावसाळ्याच्या प्रारंभी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची काडी निचऱ्याच्या जमिनीत, भरपूर उन्हात लावावी. सावलीत झाड वाढते, पण फुलत नाही. पहिल्या वर्षी नियमित पाणी द्यावे. पुढे फारसे लागत नाही. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे बहर ओसरताच छाटणी करावी.

छाटताना हातमोजे हवेतच. मुळापासून फुलापर्यंत सारे झाड विषारी असून त्यातील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवते. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत. धूरही घातक असतो. केरळच्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे २०२४ मध्ये नैवेद्य व प्रसादात ही फुले वापरणे थांबविले. घरात रांगते मूल असल्यास ही शोभा दोन-चार वर्षे लांबणीवर टाकलेलीच बरी. पान पोटात गेल्याचा संशय आल्यास घरगुती उपाय न करता तातडीने घाटी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. सोबत झाडाची डहाळी न्यावी.