इफचे बेट : गोव्याचा गेंडा, गोव्याचा फारिया आणि कधीच नसलेला कैदी

मार्सेलिस म्हटले की मराठी वाचकाला आठवते ती ८ जुलै १९१० ची सकाळ आणि ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात घेतलेली उडी. फ्रान्सच्या या बंदराशी आपल्या किनाऱ्याचे नाते मात्र त्याहून जवळजवळ चारशे वर्षांनी जुने आहे. ते जिथे जुळते, ती जागा आज या शहरातील सर्वाधिक गाजलेल्या पर्यटनस्थळांपैकी एक आहे. हा थ्रेड त्या जागेविषयी : इफचे बेट आणि त्यावरचा किल्ला, शातो दिफ.

मार्सेलिसच्या जुन्या बंदरातून बोट सुटते आणि वीसेक मिनिटांत या खडकाळ बेटाला लागते. मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा जोरात असला की बोट लावताच येत नाही आणि पर्यटकांना बेट दुरूनच पाहावे लागते. वारा शांत असेल तर चौकोनी, तीन बुरुजांच्या किल्ल्यात शिरता येते. तळमजल्यावर दोन कोठड्या दाखवतात. एक एदमों दांतेसची, दुसरी आबे फारियाची. दोन्हींना जोडणारे भगदाडही आहे. गर्दी तिथेच होते. गंमत अशी की दांतेस नावाचा माणूस या कोठडीतच काय, जगातच कधी नव्हता. तो अलेक्झांद्र द्युमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीचा नायक.

दांतेसच्या सुमारे तीनशे वर्षे आधी या बेटावर एक खराखुरा बंदिवान उतरला होता. तो होता गेंडा.

१५१० मध्ये अफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकले. पुढे त्याला दीव येथे किल्ला बांधायचा होता, म्हणून १५१४ मध्ये त्याने गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह दुसरा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने परवानगी नाकारली, पण राजशिष्टाचार म्हणून भेटी दिल्या आणि त्यांत एक गेंडा होता. एवढे धूड गोव्यात पोसून करायचे काय? अल्बुकर्कने ते पोर्तुगालचा राजा मानुएल याला पाठवून दिले. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघाले. सोबत ओसेम नावाचा माहूत होता. वाटेत गेंड्याला पेंढा आणि शिजवलेला भात चारत असत, असे सांगतात. आफ्रिकेला वळसा घालून २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला पोहोचला.

रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. प्राचीन ग्रंथांत गेंडा आणि हत्ती हाडवैरी असल्याचे लिहिले होते. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी मानुएलने दोघांची झुंज लावली. गर्दीच्या गलक्याने बिथरलेला कोवळा हत्ती पळून गेला आणि विजय गेंड्याच्या नावे लागला. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोहोचले. त्यावरून आल्ब्रेख्त ड्यूररने आपले जगप्रसिद्ध लाकूडठशाचे चित्र केले. गेंडा त्याने स्वतः कधीच पाहिला नाही. म्हणून चित्रातल्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे दिसतात आणि मानेवर एक जादा शिंगही उगवलेले आहे. तरीही पुढची दोन-अडीचशे वर्षे युरोपने गेंडा म्हणून हेच चित्र ओळखले.

मानुएलला पूर्वेकडच्या व्यापारावरील आपल्या हक्कासाठी पोप दहावा लिओ याची मर्जी हवी होती. डिसेंबर १५१५ मध्ये गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून गेंडा रोमच्या वाटेला लागला. (त्याला गोव्याहून पाठवणारा अल्बुकर्क त्याच महिन्यात गोव्याच्या बंदरात, जहाजावरच मरण पावला.) फ्रान्सचा तरुण राजा फ्रान्स्वा पहिला त्या वेळी प्रोव्हान्स प्रांतात तीर्थयात्रेला आला होता. या अजब जनावराची वार्ता त्याच्या कानी गेली. जहाज मार्सेलिससमोर थांबवण्यात आले आणि २४ जानेवारी १५१६ रोजी एका बेटावर गेंडा उतरवून राजाला दाखवण्यात आला. ते बेट म्हणजे इफच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या बेटावर लोक काहीतरी ‘बघायला’ जाऊ लागले, त्याचा आरंभ हा असा आहे.

गेंडा पुन्हा जहाजात चढवला गेला. इटलीच्या किनाऱ्यावर पोर्तोवेनेरेजवळ वादळाने जहाज फुटले. गेंडा खरे तर चांगला पोहतो, पण याचे पाय डेकला साखळदंडांनी जखडलेले होते.

पाण्यावरून आलेली नवलाई पाहण्याची ही हौस मार्सेलिसने पुढेही जपली. ऑक्टोबर १८२६ मध्ये इजिप्तच्या मुहंमद अलीने फ्रान्सच्या राजाला भेट दिलेली जिराफ मादी याच बंदरात उतरली. हिवाळाभर ती शहरात राहिली, तिला रोज फिरायला नेत आणि तिच्यामागे शहर लोटत असे. २० मे १८२७ रोजी ती पॅरिसकडे चक्क पायी निघाली आणि ४१ दिवसांत पोहोचली. त्याच शतकाच्या मध्यावर शहराने लाँशाँच्या टेकाडावर प्राणिसंग्रहालय उभारले. ते १९८७ मध्ये बंद झाले.

आता पुन्हा बेटाकडे. मार्सेलिस प्रोव्हान्ससह १४८१ मध्ये फ्रेंच राजसत्तेखाली आले होते आणि शहराला ही सत्ता पुरती मानवली नव्हती. इफवर उभे राहिले की बंदराचे तोंड थेट माऱ्यात येते, हे फ्रान्स्वाने हेरले. १५२४ ते १५३१ या काळात किल्ला बांधला गेला. त्याच्या तोफांचा धाक शत्रूच्या जहाजांना होता, तितकाच शहरालाही होता. प्रत्यक्ष हल्ला त्याच्यावर कधी झाला नाही. भोवती समुद्र, त्याला जोरदार प्रवाह. मग किल्ल्याचा तुरुंग व्हायला कितीसा वेळ लागणार?

तुरुंगातही मजले होते, आणि ते ऐपतीप्रमाणे. पैसे मोजणाऱ्या कैद्याला वरच्या मजल्यावर खिडकी आणि शेकोटी असलेली खोली मिळे. तिला ‘पिस्तोल’ म्हणत. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला मिराबो याला १७७४ मध्ये वडिलांनीच, उधळेपणाला कंटाळून, इथे पाठवले होते. ज्याच्यापाशी काही नव्हते तो खाली, उजेड नसलेल्या तळघरात. सर्वांत मोठी संख्या प्रोटेस्टंटांची. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर हजारोंना वल्ह्यांच्या गलबतांवर जुंपण्याची शिक्षा झाली. त्या गलबतांचा तळ मार्सेलिसला होता आणि इफ ही वाटेवरची कोठडी. इथे डांबलेल्या प्रोटेस्टंटांचा आकडा साडेतीन हजारांहून अधिक सांगितला जातो. त्यांतल्या एकाच्याही नावाने इथली कोणती कोठडी पर्यटकाला ठाऊक नसते.

कप्तान शातोचेही तेच. २५ मे १७२० रोजी त्याचे ‘ग्रां सेंत आंत्वान’ हे जहाज लेव्हांटच्या किनाऱ्यावरून रेशीम आणि कापूस घेऊन आले. वाटेत माणसे मेली होती, तरी क्वारंटाइनचे नियम सैल झाले, कारण माल बोकेरच्या जत्रेला पोहोचायचा होता आणि त्यात शहराच्या कारभाऱ्यांचे हितसंबंध गुंतलेले होते. त्या मालासोबत प्लेग शहरात आला. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या मार्सेलिसमध्ये चाळीस हजारांवर माणसे दगावली. कप्तान इफच्या तुरुंगात गेला आणि १७२३ मध्ये सुटला. ज्यांच्या दबावाने माल उतरला, त्यांच्यापैकी मात्र कोणी त्याच्या शेजारच्या कोठडीत गेले नाही.

मग आला द्युमा. १८४४ ते १८४६ या काळात कादंबरी वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. निरपराध दांतेस इफमध्ये १४ वर्षे खितपत पडतो. भिंत पोखरून शेजारचा वृद्ध धर्मगुरू आबे फारिया त्याच्यापर्यंत येतो, त्याला विद्या देतो, खजिन्याचा पत्ता देतो आणि मरतो. त्याच्या कफनात शिरून दांतेस समुद्रात फेकला जातो व सुटतो.

कादंबरीतला फारिया इटालियन आहे. हे नाव मात्र द्युमाने ज्या माणसावरून घेतले, तो गोव्याचा. जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातल्या कांदोळी गावी झाला. पंधराव्या वर्षी ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, रोममध्ये शिकले आणि धर्मगुरू झाले. राणीसमोर प्रवचन देताना ते गांगरले, तेव्हा वडिलांनी कोंकणीत ‘ही सगळी भाजी, काप रे भाजी’ अशा अर्थाचे शब्द पुटपुटले आणि त्यांची वाचा मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. १७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघड झाला. संशयाची सावली फारिया पितापुत्रांवरही पडली, आणि पुढच्याच वर्षी फारिया पॅरिसला आले.

१८११ मध्ये ते मार्सेलिसला तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून आले. ज्या शहरासमोरच्या बेटावर आज त्यांच्या नावाची कोठडी दाखवतात, त्या शहरात ते वर्गात उभे राहून शिकवत होते. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. तेव्हाचा समज असा की प्रयोगकर्त्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव वाहतो. फारियांनी तो मोडीत काढला. झोप येते ती समोरच्याच्या मनातून, सूचनेच्या बळावर, असे त्यांचे प्रतिपादन. पॅरिसने त्यांची रंगमंचावर टर उडवली. २० सप्टेंबर १८१९ रोजी ते जवळजवळ दारिद्र्यातच वारले. त्यांच्या म्हणण्यातले मर्म वैद्यकाने मान्य केले, ते कित्येक दशकांनंतर. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, म्हणजे आदिलशाही राजवाड्यालगत, एका स्त्रीला संमोहित करणारा त्यांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, वर्ष १९४५.

द्युमाची कादंबरी इतकी खपली की तुरुंगालाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागले. १८६७ मध्ये मार्क ट्वेन इथे आला, तेव्हा कादंबरीच्या नायकांच्या कोठड्या पर्यटकांना दाखवल्या जात होत्याच. जोडीला ‘लोखंडी मुखवट्याच्या कैद्या’चीही कोठडी होती. हा कैदी खरा होता खरा, पण तो होता कानजवळच्या सेंत मार्गरित बेटावर आणि शेवटी बास्तीय तुरुंगात. इफशी त्याचा काही संबंध नव्हता. १८९० मध्ये किल्ला रीतसर लोकांसाठी खुला झाला. सुवेझ कालवा खुला होऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. मुंबईहून येणाऱ्या बोटी मार्सेलिसला थांबत आणि घाईतले उतारू इथेच उतरून पॅरिस-लंडनची रेल्वे पकडत. बंदरात शिरताना त्यांनाही इफ दिसत असे.

किल्ल्याच्या आतल्या चौकात, भिंतीवर, एक कोरीव मजकूर अजून वाचता येतो. १८४८ च्या उठावात पकडलेल्या कैद्यांनी तो खोदला. तुरुंगाला त्यांनी नाव दिले होते ‘सार्वभौम जनतेचे हॉटेल’. दांतेसच्या कोठडीकडे जाणारी रांग त्याच चौकातून जाते.