कुलाबा वेधशाळेतील भूकंपमापन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मिल्न भूकंपमापक बसवण्यात आला. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. जमीन हलली की यंत्रातला आडवा दांडा झुलू लागे आणि त्याच्या टोकाच्या फटीतून आलेला प्रकाश सरकत्या छायाचित्र-कागदावर रेघ उमटवी. पहिला बारीक कंप आणि मागून येणाऱ्या मोठ्या लहरी यांमधल्या वेळेवरून भूकंप किती दूर झाला ते काढत. ते अंतर त्रिज्या धरून तीन ठाण्यांभोवती काढलेली वर्तुळे जिथे छेदत, तिथे भूकंपाची जागा सापडे. हा भूकंपमापक घडवणारे जॉन मिल्न इंग्लंडच्या वाइट बेटावरील शाइड येथे जगभरच्या नोंदी जमवत. भूकंप ठरावीक पट्ट्यांत एकवटतात, हे त्यांतून स्पष्ट झाले. 1897 च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून भूवैज्ञानिक ओल्डहॅम यांनी लहरींचे तीन प्रकार ओळखले. 1906 मध्ये त्यांनी पृथ्वीच्या गाभ्याचा पुरावा मांडला.